अष्टमी कुणासाठी थांबत नाही

हडपसरला राहणाऱ्याला वारी घराच्या दारातच भेटते. इथेच दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तुकोबाराय लोणी काळभोरकडे आणि माऊली दिवे घाटाकडे. आम्ही दरवर्षी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन रस्त्यावर उभे असायचो. एखादी वारकरी बाई जाता जाता म्हणायची, "चला की माऊली." मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की."

मुलाची दहावी, मग बारावी, सासूबाईंचं ऑपरेशन. कारणं खरी होती, हे मी आजही म्हणेन. शिवाय सावता माळी मदतीला होतेच. अरणचा मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, मग आपणही कामातच विठ्ठल पाहावा! सावतोबांच्या नावावर महाराष्ट्रात जेवढी टाळाटाळ खपली असेल, तेवढी दुसऱ्या कुठल्याही संताच्या नावावर खपली नसेल.

२०२० साली पालखी आमच्या रस्त्यावरून गेलीच नाही. दशमीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२१ मध्येही तेच. फुलांनी सजवलेली ती बस टीव्हीवर पाहताना सगळे डोळे पुसत होते, मला मात्र राग येत होता. वारी दरवर्षी असतेच, या एका भरवशावर मी ती पुढे ढकलत आले होते. पायी वारी पुन्हा निघणार हे नक्की झालं, तेव्हा नवऱ्याला सांगायच्या आधी मी ओळखीतल्या एका दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखाणाची वर्गणी, भरली.

ही हळहळ मला आळंदीपर्यंत घेऊन गेली, पुण्यापर्यंतही पुरली. पुणे ते सासवड मात्र तीसेक किलोमीटरचा टप्पा, वर एकादशीचा उपास, आणि दिवे घाट. घाटाच्या मध्यावर टाचेला फोड आला तेव्हा माझी सगळी तळमळ संपून गेली होती. शेजारच्या परभणीकडच्या मावशींनी सासवडच्या राहुटीत सुईदोरा काढला, फोडातून दोरा ओवला आणि तो तसाच ठेवून म्हणाल्या, "पाणी निघून जातंय, कातडं सोलायचं नाही. उद्या चालायचंय." उद्या चालायचंय! यापुढे एवढंच भांडवल उरलं होतं.

वारीत भावनेला फार वेळच नसतो. पहाटे तीनला टँकरपाशी अंधारात आंघोळ, ओल्या लुगड्याचा पिळा ट्रकवर टाकायचा, चहा, आणि पताका हलल्या की चालू पडायचं. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. एकदा आपली ओळ धरली की पाय आपोआप पडतात. जेजुरीला भंडाऱ्याने पिवळे झालो, नीरेला पादुकांचं स्नान पाहायला गर्दीत घुसले आणि काहीच न दिसता बाहेर आले. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व दौडत गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला जी झुंबड उडते, तिच्यात मीही होते. एरवी मी असल्या गोष्टींना नाक मुरडते.

संध्याकाळची समाजआरती मात्र मला रिंगणाहून आवडली. तळावर सगळ्या दिंड्या जमतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंचावून "होऽऽ" करतात आणि एवढी माणसं एका क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. नंतर हरवलं-सापडलं पुकारतात. देवासमोर तक्रार मांडायची इतकी नेटकी सोय मी कुठे पाहिली नव्हती.

परभणीच्या मावशींना मी वाटेत विचारलं, पहिल्यांदा कशा निघालात. "सासू म्हणायची, एकदा जाईन. गेली ती वारी न करताच. तिचं सुतक फिटल्यावर मालकाला म्हटलं, मला आता अडवू नका." त्या वर्षी जूनमध्ये पाऊस रुसला होता, दिंडीतल्या पुष्कळांची पेरणी खोळंबली होती. पण ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊली आळंदीतून निघाली, म्हणून हेही निघाले. पेरणीचं घरचे बघतील.

वेळापूरच्या अलीकडे धावा झाला. तुकोबांना याच टेकावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. आम्हीही धावलो, फोडासकट. धापा टाकत खाली बसले तेव्हा मला कळलं, गडकिल्ल्यांचं आपलं इतकं राहून का जातं. "किल्ला कुठे पळून जातोय?" असं म्हणता येतं ना! किल्ला पळत नाही. पळून जातात ते गुडघे. 'आयुष्यात काहीच केलं नाही' ही मोठी हळहळ तर अगदी निरुपद्रवी असते, ती रात्री येते आणि सकाळी चहाबरोबर विरघळते. माणूस हलतो तो 'अमुक ठिकाणी, अमुक दिवशी गेलो नाही' या टोचणीने. वारीची तिथी ठरलेली आहे, आपण असू-नसू, पालखी निघणार. म्हणून ती टोचते.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या भेटल्या. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग पाहून मी कळसाचंच दर्शन घेतलं. मावशी म्हणाल्या, तेवढ्यानेही पोचतं. त्या त्याच संध्याकाळी चंद्रभागेवरून एसटी स्टँडकडे निघाल्या, पेरणीसाठी.

परतल्यावर कॅलेंडरवर नवरात्र शोधलं. कळसूबाईला तेव्हा जत्रा असते. उंची १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि मी आयुष्यभर ते फक्त पाठ्यपुस्तकात पाहिलेलं. बारी गावातून वर जाणाऱ्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, आणि शिड्यांची मला भीती वाटते. धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू गं ताई." मी तिला गाडीची वेळ सांगितली आणि पायातले बूट आधी वापरून मऊ करून आण म्हटलं.