एक नंबर

चकलीच्या सोऱ्याची चकती हरवली म्हणून दादरला गेले होते. नुसती चकती द्यायला कुणी तयार होईना, शेवटी अख्खा सोऱ्याच घेतला आणि परत निघाले. स्टेशनचा जिना चढत होते, तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, कुठे पोचलीस?" सांगायला तोंड उघडलं आणि मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला. दुपारचे तीन, म्हणून एकच आदळला. संध्याकाळी सहाला जिन्यात अशी उभी राहिले असते तर हे लिहायला उरले नसते.

पण मी उभी राहिले कधी? ठरवून थांबले नव्हते. "हॅलो" म्हटलं आणि पाय आपले आपण थांबले.

हे आजोबांचं. आमची चाळ नायगावला. रविवारी सकाळी ते मला घेऊन चालत दादरच्या बाजाराला निघायचे, टीटीच्या चौकातून, टिळक पुलावरून. माणूस भारी गप्पिष्ट, आणि तोंड चालू झालं की पाय बंद. दोन्ही एकदम चाललेलं मी कधी पाहिलं नाही. काही सांगायचं सुचलं की काठी टेकून उभे राहायचे, वाक्य पुरं करायचे, पूर्णविरामाला काठी आपटायचे आणि मग पुढचं पाऊल. मी आठ वर्षांची. हात ओढून ओढून रडकुंडीला यायची. "अण्णा, चला ना!" "अगं, सांगतोय ना!" वीस-पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला तास लागायचा आणि घरी आजी विचारायची, "आज कुठपर्यंत गोष्ट आली?"

टिळक पुलाच्या मधोमध तर मुक्कामच. खाली गाड्यांची ये-जा. "ही जीआयपी. आणि ती पलीकडची बीबीसीआय." एकीची मध्य रेल्वे आणि दुसरीची पश्चिम रेल्वे १९५१ सालीच झाली होती, आणि मी सांगतेय ते १९७० चं. पण आजोबांच्या पुलाखालून जीआयपीच धावत राहिली. मी शाळेत तेच सांगितलं तर बाई हसल्या. दोन दिवस अण्णांशी बोलले नव्हते.

तसं टीटी तरी काय? ट्रॅम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ ला धावली, तेव्हा मी दोन वर्षांची. मला ट्रॅम आठवणं शक्यच नाही. चौकाचं खरं नाव खोदादाद सर्कल. तरी आयुष्यभर मी टीटीलाच उतरत आलेय आणि माझी लेकसुद्धा, जिने ट्रॅम फक्त फोटोत पाहिली, टीटीलाच उतरते. त्यामुळे बीबीसीआयवरून आजोबांना हसायचा अधिकार आमच्या घरात कुणालाही नाही.

गंमत म्हणजे दादर मला आजही तुकड्या-तुकड्यांनीच माहीत आहे. आजोबा जिथे जिथे थांबले, तेवढंच लख्ख. पुलाचा तो कठडा, उतारावरची रद्दीवाल्याची पायरी, कबुतरखान्याजवळचा एक कोपरा. मधला रस्ता धूसर. तिथे आम्ही नुसतेच चाललो होतो.

मध्यंतरी एक वाचलं आणि हसावं की घाबरावं कळेना. स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धनिवासातल्या ५८ जणांना चालताना बोलतं केलं. त्यातले १२ जण बोलायला लागले की थांबायचे. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण कधी ना कधी पडले. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. चालणं आपल्याला फुकट वाटतं, पण तेही डोक्यातूनच खर्ची पडत असतं. वय झालं की पुंजी आटते, मग एका वेळी एकच खर्च. आजोबा पडले मात्र कधीच नाहीत. आजीचं म्हणणं, पडायला आधी चालावं लागतं.

माझी पुंजी कुठे आटली हे मला नवीन पत्ता शोधताना कळतं. भाच्याच्या गाडीत पुढे बसले की गल्ली जवळ आल्यावर मी आधी रेडिओ बंद करते. तो म्हणतो, "मावशी, पत्ता डोळ्यांनी शोधायचा ना? कानांचा काय संबंध?" संबंध आहे, पण सांगायला लागले तर गल्ली मागे जाईल. म्हणून मी सांगत नाही.

लेक घोडबंदर रोडला राहायला गेली त्याला आता दीड वर्ष होईल. बारा-चौदा इमारती, सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या. गेटपासून तिच्या लिफ्टपर्यंत मी बिनचूक जाते. मेडिकल दिसलं की डावीकडे, मग गणपतीचं छोटं देऊळ, मग सरळ. येताना मात्र तेच मेडिकल उलट्या बाजूने समोर येतं आणि मी त्याला ओळखच देत नाही. जायचा रस्ता एक आणि यायचा दुसरा, असे दोन रस्ते मला पाठ करावे लागले. वाढत्या वयात गेलेली वाट उलटी फिरणं जास्त जड जातं, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी घोडबंदर पाहिलं असावं. मेट्रोचं तर विचारूच नका. दादरला ती जमिनीखालून आल्यावर एकदा हौसेने गेले, वर आले तेव्हा प्लाझा थिएटर कुठल्या अंगाला असायला हवं हेच सुचेना. जमिनीखाली पूर्व-पश्चिम नसतेच मुळी.

पण दादर स्टेशन माझं होतं. डोळे मिटून. मुलुंडला जायचं तर मध्य रेल्वेचा एक नंबर, स्लो. जिन्याच्या कुठल्या अंगाने उतरलं की लेडीज डबा बरोबर पुढ्यात येतो, ते पायांना ठाऊक. ९ डिसेंबर २०२३ ला तिथले नंबर बदलले. पश्चिमेचे एक ते सात तसेच ठेवले आणि मध्यचे आठपासून पुढे सुरू झाले. शहाणपणाचंच केलं. दोन्हीकडे एक नंबर असल्यामुळे कितीजणांच्या गाड्या चुकल्या असतील! माझा एक नंबर त्या दिवशी आठ झाला. मला काही फरक पडला नाही, कारण पायांना आकडे वाचता येत नाहीत.

तर सोऱ्या सांभाळत खाली उतरले. गाडीला चार मिनिटं होती. लेकीचा फोन पुन्हा. बोलत उभी होते तेवढ्यात एक मुलगा धापा टाकत आला. पाठीला सॅक, हातात चाकांची ही एवढी बॅग, कानात ते पांढरं बोंडूक. "काकी, एक नंबर?"

"हाच," मी म्हटलं. अगदी ठणठणीत.

"थँक्यू," म्हणाला आणि बॅगेवर हात ठेवून निवांत उभा राहिला. ठाणे स्लो आली, मी चढले, खिडकीही मिळाली. माटुंगा गेलं. शीव गेलं. कुर्ल्याच्या अलीकडे, सोऱ्याची चकती नीट आहे ना म्हणून पिशवीत डोकावले आणि एकदम आठवलं.

एक नंबर आता पश्चिम रेल्वेला. बिचारा बोरिवलीला निघाला असेल, विरारला निघाला असेल.

फलाटावर आठचा आकडा ठळक रंगवलेला आहे. पण मी लेकीशी बोलत होते, आणि त्याच्या कानात काहीतरी वाजत होतं.