कामोली: काथ्याच्या जाळ्याचं गाव

कामोलीच्या धक्क्यावर पोचलो आणि आधी ओळखीचा वास आला. काथ्याचा! माझं आजोळ गुहागरचं, त्यामुळे तो वास चुकणं शक्य नव्हतं. भिंतीच्या कडेला तपकिरी दोरांची वेटोळी पडली होती. हातात घेऊन पाहिलं, तर तोच खरखरीत, हाताला टोचणारा नारळाचा दोर. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर नारळ कुठला?

त्याचं उत्तर गावापासून थोड्या अंतरावर, पुंता क्याप्पाच्या खडकाजवळ समुद्रात आहे. तिथे सतराव्या शतकापासून 'तोन्नारेल्ला' नावाचं मासे पकडायचं जाळं लावतात. आपल्या डोल जाळ्यासारखं हेही एका जागी रोवलेलं असतं. किनाऱ्यालगत जाणारा मासा आडव्या जाळ्याला अडतो आणि वळून कोंडीत शिरतो. कोळी दिवसातून दोन-तीनदा होडीतून जाऊन ते हातांनी वर ओढतात. जाळं दरवर्षी नव्याने विणतात, तेही काथ्याचं. त्यावर शेवाळ धरतं आणि मासे जवळ येतात. एप्रिल ते सप्टेंबरचा हंगाम संपला की ते कापून समुद्रातच सोडतात. तिथे ते कुजून जातं, प्लॅस्टिकसारखं मागे राहत नाही. या गावाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो या गोष्टीसाठी.

लोक येतात ते रंगीत घरांचे फोटो काढायला. घरं सुंदर आहेतच, सहा-सात मजली, समुद्राला चिकटून उभी. जवळ जाऊन नीट बघा: कितीतरी खिडक्या, झडपा, महिरपी नुसत्या रंगवलेल्या आहेत. एका खिडकीची सावलीसुद्धा रंगाचीच निघाली. पण एकोणिसाव्या शतकात कामोलीची ओळख वेगळी होती, 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव'. इथल्या कप्तानांनी 1853 मध्ये एकत्र येऊन आपल्या जहाजांचा परस्पर विमा सुरू केला. एकाचं जहाज बुडालं की भरपाईचा भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पुढे वाफेची जहाजं आली आणि शिडांचा जमाना संपला. पुरुष वर्षानुवर्षं समुद्रावर असत, म्हणून कामोली म्हणजे 'बायकांची घरं', असंही लोक सांगतात.

आता जाणाऱ्यांसाठी. जिनोव्हाच्या ब्रिन्योले स्टेशनवरून लोकल गाडीने साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या. किनारा गोट्यांचा आहे, रबरी तळव्यांची चप्पल न्या. सान फ्रुत्तुओझोच्या मठाकडे बोटीने जायचं असेल तर मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आमच्या पहिल्या दिवशी समुद्र खवळला होता, बोटी बंद! दुसरा दिवस हाताशी होता म्हणून मठ पाहता आला. मठासमोरच्या खाडीत 17 मीटर खोलीवर येशूचा ब्राँझचा पुतळा आहे, 1954 मध्ये बसवलेला. मठाकडे डोंगरातून पायवाटही आहे, पण साखळ्या धरून उतरायची वाट सवय असलेल्यांनीच घ्यावी. बाकीच्यांनी पिएत्रे स्त्रेत्तेवरून जाणारी दुसरी वाट धरावी.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. सकाळी बेकरीत गरम फोकाच्चा, म्हणजे इथला चपटा पाव मिळतो, शेजारच्या रेक्कोचा चीज भरलेला तर खायलाच हवा. फारिनाता म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीतलं जाड धिरडं. मासे खाणाऱ्यांनी खारवलेली आच्चुगे मागावी, आपल्या मांदेलीची नातलग. दुपारच्या जेवणानंतर खानावळी संध्याकाळपर्यंत बंद असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माशांची जत्रा भरते आणि सुमारे चार मीटर व्यासाच्या कढईत मासे तळतात. त्या दिवशी गर्दी प्रचंड, खोली खूप आधी घ्या.

आणि बोस्केत्तोचं देऊळ चुकवू नका. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडताना वाहिलेली चित्रं तिथे भिंतीवर आहेत. काळ्या लाटांत कलंडलेलं जहाज, फाटलेली शिडं आणि वर एका कोपऱ्यात ढगांत उभी मारिया. मी एकेका चित्रासमोर बराच वेळ थांबलो. बायको दोनदा हाक मारून गेली.