गॅलिपोलीचे डबे आणि नववीचा वर्ग

मेलबर्नमध्ये एप्रिल लागला की दुकानांत अँझॅक बिस्किटं आणि शाळांत गॅलिपोली. 25 एप्रिल 1915 ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्य, म्हणजेच अँझॅक, तुर्कस्तानच्या गॅलिपोली किनाऱ्यावर उतरलं, त्या दिवसाची इथे सुट्टी असते. मी नववीला इतिहास शिकवते आणि पहिलं महायुद्ध नववीलाच येतं. यंदा वरून सूचना आली, इतिहासातूनही मुलांना परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवा. बरं, शिकवते.

गॅलिपोलीत अशा उदाहरणांना तोटा नाही. हातबॉम्ब पुरेनात, तर सैनिकांनी जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटकं, खिळे, तारेचे तुकडे कोंबले. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी, म्हणून विल्यम बीच नावाच्या सैनिकाने रायफलला आरसे बसवले आणि खाली बसूनच नेम धरायची सोय केली. बिस्किटं इतकी कडक की ती किसून लापशी करायचे. पाणी डोंगरावर चढवायला आपल्याकडचे खेचरवाले होते, हे सांगितलं की वर्गातली दोन-तीन देशी पोरं ताठ बसतात.

पण सगळ्यांना आवडतो तो विल्यम स्करी. डिसेंबरात माघार ठरली. शत्रूला सुगावा लागला असता तर किनाऱ्यावरच कत्तल. स्करीने रायफलला दोन डबे जोडले. वरच्या डब्याच्या भोकातून पाणी थेंबथेंब खालच्यात पडायचं, खालचा जड झाला की दोरी ताणून चाप ओढला जायचा. माणसं केव्हाच गेलेली, आणि खंदकातून गोळ्या सुटताहेत! 20 डिसेंबरच्या पहाटे शेवटची तुकडी होडीत बसली, जवळजवळ विनाहानी.

आम्ही तेच वर्गात केलं, बंदुकीच्या जागी सायकलची घंटी लावून. भोक मोठं पडलं, पाणी भसकन उतरलं, घंटी लगेच वाजली. मग एकीने भोकावर च्युइंगगम दाबलं आणि पिनेने पुन्हा बारीक टोचलं. शाळेत च्युइंगगमला बंदी आहे; मी तेवढ्यात खिडकीबाहेर बघत होते.

हा गोंधळ चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मिस, पण त्यांना आधीच पुरेसे बॉम्ब का दिले नव्हते?"

ठरवलेला पाठ मी तिथेच सोडला आणि कूतकडे वळले. त्याच डिसेंबरात आताच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीकाठच्या कूत गावात, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या 6व्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं. त्यात आपल्या मराठा पलटणीही होत्या. नदीतून रसद पोचवायला पुरेशा बोटी नसताना वरिष्ठांनी त्यांना बगदादकडे पुढे रेटलं होतं. वेढ्यात धान्य आटलं, घोडे कापायची वेळ आली. बऱ्याच हिंदी जवानांनी आधी त्या मांसाला हात लावला नाही, शेवटी अनेकांनी तेही खाल्लं. सोडवायला निघालेली फौज पोचलीच नाही. 29 एप्रिल 1916 ला शरणागती, आणि पुढे कैदेत कित्येक जण मेले. जुळवून घेण्यात या माणसांनी काय कसर ठेवली होती?

वर्गात कुणी कूतचं नावही ऐकलं नव्हतं. साताऱ्या-कोल्हापुराकडचे शेतकरी तिथे कसे पोचले, यावरच उरलेला तास गेला.

चाचणीचा प्रश्न मी दोन भागांत काढलाय. सैनिकांनी काय जुगाड केला, आणि तो करायची पाळी त्यांच्यावर कुणी आणली. दुसऱ्या भागाला गुण जास्त आहेत.