वाचन अक्षमतेचे संशोधन आणि आपली वेलांटी

विशेष गरजा असलेल्या मुलांनाही सर्वसाधारण शाळेतच शिकवावे असे सांगणाऱ्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यानंतर विशेष शिक्षणातील संशोधन जगभर समावेशक वर्गाकडे वळले. माझ्या वाचनात येणारे आपल्याकडील प्रबंध मात्र बहुधा शिक्षकांच्या अभिवृत्तीच्या प्रश्नावलीपाशीच थांबतात, याची मला खंत वाटते. वाचन अक्षमतेचेच, म्हणजे डिस्लेक्सियाचेच पाहा. परदेशातील पुष्कळसे अभ्यास इंग्रजीवर उभे आहेत, जिथे एकाच अक्षराचे अनेक उच्चार मुलांना अडवतात. मराठी मूल ‘किती’ वाचताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी पाहते आणि उच्चारते मात्र नंतर, जोडाक्षरांची अडचण आणखी वेगळी. इंग्रजी चाचणीत हे दिसणार कसे? म्हणूनच मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही सिद्ध केलेली ‘डाली’ ही वाचन अक्षमता ओळखणारी चाचणी मला फार मोलाची वाटते.