निकाल आधी कुणाला सांगायचे?

आज दुपारभर कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या गटाची बैठक झाली. खरेदी करताना पर्यावरणाचा विचार सोपा व्हावा म्हणून असलेली लेबलं, ॲप, तुलनेचे तक्ते यांच्यावरचा आमचा अभ्यास लोकांपुढे कसा न्यायचा, एवढाच विषय. शोधनिबंध होईलच. पण फ्रिज घ्यायला निघालेलं माणूस शोधनिबंध वाचून दुकानात जात नाही, हे मी ठासून सांगितलं.

१९९१ साली सरकारनं इकोमार्क आणला, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंवर लावायचं चिन्ह. चिन्ह किती आपलं, मातीचा घडा! तरी किती घरांत तो ओळखतात? उलट २००६ पासूनचे विजेच्या उपकरणांवरचे स्टार दुकानदार स्वतः बोट ठेवून दाखवतो, म्हणून ते रुजले. पण तारे मोजून थांबू नका. वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा आणि लेबलाचा कालावधीही बघा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळं जुने पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत.

म्हणून ठरलं, दसऱ्याच्या खरेदीआधी पहिलं सादरीकरण विक्रेत्यांसमोर. मग बचत गटांत, एका पानावर, साध्या मराठीत. जी साधनं लोकांच्या उपयोगी पडली नाहीत, तीही सांगायची का, यावर मात्र बराच वाद झाला. माझ्या मते तेच आधी सांगायला हवं. लोकांनी आपला वेळ आणि विश्वास दिलाय.

कोल्हापुरात कुणाच्या बचत गटाची बैठक असेल तर कळवा, आम्ही येतो.