ताटी, बांध आणि मुक्ताईची वारी

मुक्ताईची पालखी जळगाव जिल्ह्यातल्या कोथळीच्या जुन्या मंदिरातून ज्येष्ठात निघते. आळंदी-देहूच्या पालख्या हलायच्या आधीच आमची माणसं रस्त्याला लागलेली असतात, कारण बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूर गाठायला महिनाभर जातो. मला तेवढी रजा मिळत नाही, म्हणून खान्देशची हद्द संपेपर्यंत चाललो.

ज्येष्ठ म्हणजे पाऊस, हे आमच्याकडे कॅलेंडरापुरतं. डांबर चपलेला चिकटत होतं. रस्त्याकडेच्या केळीच्या बागा वादळाने मधूनच मोडलेल्या, निसवलेले घड मातीत पडलेले. अशाच एका बागेचा मालक बांधावर उभा राहून पाणी वाटत होता. आमच्यातला एक जण त्याच्यावरच डाफरला, "गरम पाणी पाजतो का रे?" तो म्हणाला, "थांब भो, माठातलं आणतो." आणि खरंच मळ्यातल्या खोलीकडे चालू लागला. डाफरणाऱ्याच्या कपाळावर गंध, गळ्यात तुळशीमाळ. मोडलेली बाग पाणी देणाऱ्याची!

आमच्या दिंडीत दोघे चुलतभाऊ होते. एकाच्या खांद्यावर पताका, दुसऱ्याच्या गळ्यात टाळ. बांधाच्या वादातून बोलणं बंद. अनोळखी पोराच्याही पाया पडून 'माउली' म्हणणारे हे दोघे पंगतीत मात्र दोन टोकांना बसायचे. कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढणाऱ्याचीही पंचाईत, आधी कोणाच्या ताटात वाढावं!

मुक्कामाला हरिपाठ झाल्यावर महाराजांनी ताटीचे अभंग घेतले. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून बसतात आणि धाकटी बहीण मुक्ताई दाराशी येते. परंपरा धरली तर त्यांचा जन्म 1275 चा, तिचा 1279 चा. पण समजावते ती. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, हे तिचं सांगणं सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त भिडते: दातांनी जीभ चावली म्हणून कोणी बत्तीशी पाडून घेतं का?

आपल्याकडे "मी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही" हे अभिमानाने सांगतात. शांत स्वभाव म्हणून त्याचं कौतुकही होतं. मला ते पटत नाही. त्यातली निम्मी शांतता आतून कडी लावलेली असते. मुक्ताई भावाला राग गिळायला सांगत नाही, दार उघडायला सांगते, आणि ते जास्त अवघड आहे. उघडल्यावर बाहेर तीच माणसं उभी असणार, टोमणे मारणारी. (आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मीही बाहेर पडलोय, तेव्हा फार बोलायला नको.) माठातलं पाणी आणायला गेलेल्या त्या माणसाने हे अभंग ऐकले असतील की नाही, कोण जाणे.

सकाळी काकड्यानंतर पताकावाल्या भाऊंना मी विचारलंच, "काल ऐकलं ना, बत्तीशीचं?"

"ऐकलं ना. आम्ही कुठं बत्तीशी पाडली? तोंड मिटलंय फक्त."

"मग उघडा की."

त्यांनी पताका या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "उघडू भो. पण आधी सरकारी मोजणी होऊ दे."