गुलमर्गची रोजनिशी : रात्री बर्फ जमला का?

२१ फेब्रुवारी

कालपासून चिल्लई बच्चा लागला. काश्मिरी माणूस थंडी तीन टप्प्यांत मोजतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि २० फेब्रुवारीपासून दहा दिवस चिल्लई बच्चा. बच्चा म्हणजे लेकरू. थंडी जाता जाता पाय आपटते, तेवढंच.

पण बर्फ या मोजणीला बांधलेला नाही. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणारी वादळं, उशिरा आले की सगळंच पुढे सरकतं. २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नव्हता, म्हणून इथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून काढून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या. हिवाळ्याचं पोट बर्फावर चालणाऱ्या गावात पंधरा दिवसांचा उशीर म्हणजे स्की शिकवणाऱ्यांची आणि स्लेज ओढणाऱ्यांची पंधरा दिवसांची मजुरी.

५ मार्च

आजपासून थर्मामीटरपेक्षा आभाळाकडे जास्त बघायचं. जानेवारीत विचारतात, ‘किती पडला?’ मार्चमध्ये प्रश्न एकच असतो : ‘रात्री जमला का?’ जमला म्हणजे गोठून कडक झाला का.

दिवसा वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. आठवडाभर असं चाललं की बर्फाचे कण गोल होतात, दोन-तीन मिलिमीटरचे. स्की करणारे याला कॉर्न म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातला साबुदाणा डोळ्यांसमोर आणला तर चटकन कळेल. नीट भिजलेला साबुदाणा मुठीत घेतला तर दाणा दाणा मोकळा राहतो. पाणी जास्त झालं की त्याचा लगदा होतो. कॉर्नचंही तसंच. पहाटे तो फरशीसारखा कडक, ऊन लागल्यावर वरचा इंच-दोन इंच मोकळा, आणि तासा-दोन तासांत लगदा. स्की करायची ती मधल्या वेळात.

हे सगळं रात्रीवर अवलंबून. आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर टाकून देतो आणि हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर ती उष्णता अडते. मग सकाळी कितीही गारठा वाटू दे, आत बर्फ ओलाच असतो. बाहेर पडून टाच मारून बघावी. टाच नुसती वाजली तर जमलाय. घोट्यापर्यंत पाय गेला तर उभ्या उतारांचा नाद सोडावा.

१२ मार्च

एकाच उतरणीत तीन ऋतू. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे इथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडूरीला सुमारे ३,०८० वर आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० वर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर वर-खाली आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. वर अजून कोरडा, वाऱ्याने घट्ट केलेला बर्फ, मध्ये साबुदाणा, खाली देवदारांपाशी लगदा.

गुडघे जातात ते खालीच. सावलीतल्या कडक बर्फावर वेग आलेला असतो, उन्हाचा पट्टा लागतो आणि स्कीच्या तळाशी पाण्याचा पापुद्रा चिकटतो. पाय अडतात, अंग पुढे जातं. सावली संपायच्या आधीच वेग कमी करावा, वळणं मोठी घ्यावीत आणि दोन्ही स्कींवर सारखा भार ठेवावा.

अफरवटचा गुलमर्गकडचा अंग बहुतेक पूर्व-ईशान्येला आहे, म्हणजे ऊन सकाळीच लागतं. गोंडोला सुरू होऊन रांग पुढे सरकेपर्यंत खालचे उतार सैल व्हायला लागलेले असतात. म्हणून या दिवसांत पहिल्या पाळण्यांना महत्त्व. दुपारी दोनला वर जाऊन ‘बर्फ खराब निघाला’ म्हणणं चूक. बर्फ चांगलाच होता, वेळ गेली होती.

१६ मार्च

रात्रभर ढग, पहाटे खाली पाऊस. यापेक्षा वाईट काही नाही. पाणी थरांतून झिरपतं, कणाकणांची पकड सुटते आणि ओलं हिमस्खलन निघतं. ते कोरड्या हिमस्खलनापेक्षा हळू येतं, पण ओल्या सिमेंटसारखं जड असतं. थांबल्यावर त्यात माणूस हात हलवू शकत नाही.

इशारे दिसतात, ते बघावेत. खडकांच्या आणि झाडांच्या खालून बर्फाचे गोळे आपोआप सुटून चाकासारखे गडगडायला लागले की तो उतार सोडायचा. गोंडोलाच्या हद्दीत स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्ती पथक, लक्ष ठेवतं. हद्दीबाहेर कुणी नसतं. तिकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं ही तिन्ही लागतातच, आणि ती वापरता येणारा दुसरा माणूसही. एकट्याच्या पाठीवरचं फावडं त्याच्या स्वतःच्या काय कामाचं?

१९ मार्च

गावात दिवसभर धप्प-धप्प आवाज. पत्र्याची छपरं सुटताहेत. ओल्या, बसलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला ४०० किलोच्या आसपास धरलं, तर अर्धा मीटर थर म्हणजे चौरस मीटरला २०० किलो. पत्र्याखाली पाणी सुटलं की अख्खी लादी एकदम येते आणि पन्हळ सोबत उपटून नेते. फोटो काढायला वळचणीखाली उभं राहायचं नाही, हे मुलांना गाडीतून उतरतानाच सांगावं.

सध्या सगळ्यात मोलाचं काम मात्र कुणाच्या नजरेत येत नाही : चर काढणं. भिंतीलगतचा बर्फ हातभर मागे खोदून पाण्याला उतार द्यायचा. हे राहिलं तर दिवसा पाणी पायरीवर येतं, रात्री त्याची काच होते आणि सकाळी माणूस घसरतो. तोच प्रकार खालच्या टंगमर्ग गावापासून वर येणाऱ्या १३ किलोमीटर घाटात. दुपारी डांबर ओलं असतं, सकाळी त्यावर न दिसणारा बर्फ. दुपारी रस्ता मोकळा बघून चाकांवरच्या चेन काढून ठेवणाऱ्याची सकाळच्या पहिल्या वळणावर फसगत होते.

२५ मार्च

नवशिक्यांचे उतार आधी उघडे पडले. उन्हाळ्यात गोल्फ खेळतात त्या कुरणावर आता चिखल. हे दोन-तीन आठवडे इथल्या लोकांना फार जड जातात. स्लेजला खाली बर्फ नाही आणि घोड्याच्या वाटा गुडघाभर रेंदा. स्लेजवाले कोंगडूरीला वर सरकतात, घोडेवाले वाट सुकायची वाट बघतात. भाव करताना हे लक्षात असू द्यावं.

परीक्षा संपवून पुण्या-मुंबईची मंडळी याच सुमारास येऊ लागतात. त्यांच्यासाठी तीन गोष्टी. भाड्याचे गमबूट घेताना तळवा वाकवून बघा, भेग असेल तर तिथेच दिसते. जीन्स नको, ती पाणी पिते आणि दिवसभर वाळत नाही. आणि काळा चष्मा ढगाळ हवेतही हवा. ताज्या बर्फावरून ऊन उलटं डोळ्यांत येतं आणि डोळे रात्री चुरचुरायला लागतात.

वितळत्या बर्फाच्या कडेला कोल्चिकमची पिवळी फुलं वर आली आहेत. बोटभर उंची, पाकळ्यांवर अजून पाणी, आणि वीतभर पलीकडे मळकट बर्फाची कड. दिसायला गोड, पण झाड विषारी. लहान मुलांना तोडू देऊ नका.

९ एप्रिल

सलग तिसरी रात्र ढगाळ. वर, दुसऱ्या टप्प्याच्या सावलीतल्या घळींत अजून स्की होईल; खाली संपलं. आता सामान ठेवायचं.

स्कीचा तळ आधी पुसायचा. वसंतातल्या बर्फात चीड-देवदारांचा डिंक आणि धूळ असते, ती मेणाखाली दाबली गेली तर पुढच्या मोसमात स्की अडते. कडांवरचा गंज रबराने काढायचा. मग मऊ, उबदार बर्फाचं वॅक्स इस्त्रीने जाडसर लावायचं. मेणातून धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली, तळ जळेल. वॅक्स कडांवरही ओघळू द्यायचं आणि या वेळी खरवडायचं नाही. तो थर तसाच राहिला की तळ सुकत नाही आणि कडा गंजत नाहीत. बूट कांगरीजवळ (निखाऱ्यांची शेगडी) किंवा बुखारीला (खोली तापवणारी चूल) टेकवून वाळवायचे नाहीत, प्लास्टिक वाकतं. बुटाच्या आतलं मऊ अस्तर बाहेर काढून सावलीत दोन दिवस, मग परत आत, आणि बक्कलं अगदी सैल पण लावलेली. उघडे ठेवले तर सांगाडा फाकतो आणि डिसेंबरमध्ये पाय आत जातो, पण बूट मिटत नाही.